सूर्याची साप्ताहिक सुट्टी

भिवंडीच्या नारपोलीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होते, त्यांच्या घरात शुक्रवारी मिक्सर लावायला बंदी होती. नुसता मिक्सर नाही, वॉशिंग मशीन, शिलाई मशीन, पाण्याचा पंप, कशालाच परवानगी नाही. मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी भाडं सांगितलं नाही, डिपॉझिट सांगितलं नाही, पाणी कधी येतं तेही सांगितलं नाही. मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शुक्रवारी चटनी हातानं वाटनार का?" मला वाटलं, म्हातारा चळलाय. पण खोलीला दोन खिडक्या होत्या, आणि एकट्या बाईला दोन खिडक्यांची खोली आपणहून द्यायला कोण बसलंय? वाटीन म्हणाले आणि सामान आणलं.

सगळे त्यांना मामा म्हणत. सत्तरीचे, अंगाने काटकुळे, बनियन कायम पांढरंशुभ्र. जन्म जॉबरकीत गेलेला. जॉबर म्हणजे कारखान्यात लूम, कापडाचा यंत्रमाग, अडला की तो चालू करून देणारा. चाळीसेक वर्षं त्या खटखटाटात काढून कान कामातून गेले होते, म्हणून स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलायचे. त्यांच्या घरातली गुपितं त्यामुळे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला आमच्या आधी कळायची. बापाची पडीक जागा होती, तिच्यावर जमेल तसे तीन माळे चढवले होते. मधल्या माळ्यावर ते आणि मामी, तळाला उत्तर प्रदेशातला एक टेलरमास्तर, वर मी आणि माझ्यावर गच्ची.

मामांना यंत्र दिसलं की ते त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे. फ्रिजच्या पाठीला तळवा लावून "दमलाय" म्हणायचे. पिठाच्या गिरणीत दळण घ्यायला गेले की आधी मोटरला हात लावून मगच गिरणीवाल्याशी बोलायचे. एकदा एटीएमने नोटा द्यायला वेळ लावला, तर हे त्याला कान लावून उभे, एक हात त्याच्या अंगावर. मागच्या लोकांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली, त्यांनी पाणी मारलं. मामा ओल्या तोंडाने घरी येऊन सांगत होते, मशीनचा कायतरी पट्टा सैल हाय, पन ऐकतो कोन.

शुक्रवारबद्दल प्रत्येकाची आपली समजूत होती. टेलरमास्तरांना वाटायचं, मालक जुम्म्याचा मान राखतात, आणि ते मोहल्ल्यात अभिमानाने सांगायचे, ऐसा आदमी नहीं मिलेगा. समोरच्या वहिनींना खात्री होती की हे संतोषी मातेचं व्रत आहे. त्या दर शुक्रवारी गूळ-चणे आणून द्यायच्या आणि मामा ते आवडीने खायचे. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, पौर्णिमेला वंदना, व्रतवैकल्याचा मागमूस नाही. पण गूळ-चणे येतायत तर नाही कशाला म्हणा?

मी मात्र स्पष्ट विचारलं. मामा म्हणाले, मशीन पण काम करतं, त्याला पण आठवड्याची सुट्टी पाहिजे, आणि भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. मग फ्रिज का चालू? तर फ्रिज वॉचमन आहे, वॉचमनला सुट्टी नसते. पंखा? पंखा नर्स आहे. बल्ब? बल्बमध्ये काही फिरत नाही, तो मशीनच नाही. माझ्या मोबाईलचा प्रश्न मी काढलाच नाही, उगाच गेला असता.

या सगळ्याचा जाच मामींना. मामी ठेंगण्या, गोल, बोलायला कमी आणि बोलल्या की सरळ. एक डोळा मिटलेला असायचा. मला वाटायचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं असेल, आणि असं कोणाला विचारत नाहीत. दर शुक्रवारी त्या पाट्यावर बसून ओलं खोबरं, मिरच्या, वाटण, सगळं हाताने वाटायच्या. मी मदतीला गेले तर म्हणायच्या, तू तुझं बघ बाय, तुला सवय न्हाय, अंगठा ठेचशील.

आता माझं सांगते. शहर स्मार्ट करायचं, विजेची बचत करायची, घराघरावर सूर्याची वीज आणायची, अशी एक योजना वरून आली होती. तिचं काम घेतलेल्या एका संस्थेत मी कंत्राटावर होते. गल्लीबोळातल्या एखाद्या मालकाला तयार करून त्याच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवून दाखवायचे, ती नमुना इमारत, मग ती बघून बाकीचे येतील, असा हिशेब. नमुना झाला तर माझं कंत्राट पुढे चालू. नाही झाला तर बाईसाहेब परत अंबाडीला, भावाच्या घरी. भाऊ माझा वाईट नाही. पण त्याच्या घरात टीव्हीचा रिमोट घेतानाही त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि त्याने माझ्यासाठी टेम्पोवाला मुलगा बघून ठेवलेला होता. मुलाचे तीन टेम्पो होते. भाऊ मला मुलाचं नाव सांगायला विसरला होता, टेम्पोंची नावं त्याला पाठ होती.

म्हणून मी नारपोलीतली एकेक गच्ची पालथी घालत होते. मालक चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे. कोणाच्या गच्चीवर कबुतरं, कोणाच्या गच्चीवर सूत वाळत घातलेलं, आणि उरलेल्या सगळ्यांना वर अजून एक माळा चढवायचा होता. भिवंडीत शेवटचा माळा म्हणून नसतोच, प्रत्येकाच्या डोक्यात पुढचा तयार असतो. फिरून फिरून पायाचे तुकडे पडले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की माझ्याच डोक्यावर एक रिकामी गच्ची आहे.

मामांनी हो म्हटलं ते एका वेगळ्याच गोष्टीवर. पैसे वाचतील, पर्यावरण वाचेल, हे सगळं माझं सांगून झालं. ते जांभया देत होते. मग त्यांनी विचारलं, लाईट गेली की हे चालेल ना? मी खरं ते सांगितलं, की नाही, बाहेरची लाईट गेली की हेसुद्धा आपोआप बंद पडतं. इथेच बाकीचे मालक मला उठवायचे. बाहेर एवढं ऊन, गच्चीवर एवढी पॅनलं, आणि घरात अंधार, मग घालायचंय काय त्याला? मी मामांना कारण सांगितलं. लाईट गेली की वायरमन खांबावर चढतो. आपल्या गच्चीवरची वीज तेव्हा तारेत गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून ते थांबतं. मामा एकदम सरसावून बसले. "वायरमनसाठी थांबतं? कोनी न सांगता?" मी म्हटलं, हो, आपलं आपण. ते म्हणाले, मग हे मशीन चांगल्या घरचं हाय, बसव.

बसवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तक्रार सुरू, की मशीन बोलत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आवाजावरून चालू-बंद ओळखलं, त्याच्या डोक्यावर पॅनलं गप्प पडून वीज बनवणार, हे त्यांना पटेना. भिंतीवरच्या इन्व्हर्टरच्या डब्याला कान लावून ते उभे राहायचे आणि मान हलवत खाली यायचे. शेवटी त्यांनी स्वतःच उपाय काढला. जिन्यात एक जुना टेबलफॅन लावला, त्याच्या जाळीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचला, आणि तो फडफडला की सूर्य कामावर आहे असं ठरवलं. मी समजावलं, मामा, हा पंखा बाहेरच्या लाईटवरही चालणार, याच्यावरून काही कळत नाही. ते ऐकून घ्यायचे. दिवेलागण झाली, आकाशात सूर्याचा पत्ता नाही, जिन्यात पंखा फडफडतोय, आणि मामा मामींना ओरडून सांगतायत, आज सूर्य ओव्हरटाईमला हाय.

त्याच सुमाराला गल्लीत नवे दिवे आले. माणूस आला की भक्क पेटायचे, गेला की मंद व्हायचे, तेवढीच बचत. मामांना ते अजिबात आवडलं नाही. मानसाचं तोंड बघून काम करनारा कामगार मी लय बघितलाय, म्हणायचे, मुकादम आला की हात चालतो. आणि संध्याकाळी हातात काठी घेऊन ते गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते येरझाऱ्या घालायचे. का, तर दिव्यांना शिस्त लागावी. वीज वाचवायला लावलेले दिवे आमच्या गल्लीत मामांमुळे सबंध संध्याकाळ फुल्ल पेटलेले असायचे आणि ऑफिसात मला विचारणा व्हायची की तुमच्याकडे एवढी वर्दळ कसली?

पण पॅनलांची काळजी त्यांच्याइतकी कोणी घेतली नसती. आमच्या चारी बाजूंना लूम. हवेत कापसाची बारीक रुई कायम उडत असते, ती पॅनलांवर बसून चिकटायची. मामा रोज सकाळी ऊन चढायच्या आत जुन्या धोतराच्या फडक्याने पॅनलं पुसायचे, लहान पोराला अंघोळ घालावी तसं सावकाश. मोबाईलवर किती वीज बनली ते मला दिसायचं. आकडे उत्तम येत होते. मी ऑफिसात ताठ मानेने फिरत होते.

आणि पहिला शुक्रवार आला. मोबाईलवर दुपारी बारा वाजता भोपळा. पळत घरी आले, गच्चीवर गेले, तर सगळ्या पॅनलांवर कोरं कापड अंथरलेलं आणि कडा सुताने करकचून बांधलेल्या. मामा सावलीत पेपर वाचत होते. मी संतापले. म्हटलं, मामा, याच्यात काही फिरत नाही, काही झिजत नाही, तुम्ही सूर्याला सुट्टी देताय. ते शांतपणे म्हणाले, सूर्याला नाही, पॅनलाला. सूर्य त्याचा तो बघेल. तुमचाच नियम आहे ना, मी म्हटलं, की ज्यात काही फिरत नाही ते मशीन नाही? यावर त्यांनी पेपर खाली ठेवला, विचार केला आणि सांगितलं की बल्ब लाईट खातो आणि हे बनवतं, कमावतं ते मशीन. घ्या. मी हात टेकले. सहा दिवसांची वीज पुरेशी होती, सातव्या दिवसापुढे मी अहवालात "देखभाल" लिहायला लागले.

चार महिने असे बरे गेले. मग नमुना इमारत बघायला मुंबईहून मोठे साहेब येणार असं ठरलं. बुधवारी येणार होते. बुधवारी मी साडी नेसले, साहेब आले नाहीत. गुरुवारी दुपारी ऑफिसातून आमच्या वरिष्ठांचा फोन, साहेब उद्या येतायत. उद्या म्हणजे शुक्रवार. मी दिवस बदलून मागितला, तर वरिष्ठ म्हणाले, साहेबांचा दिवस तुम्ही ठरवणार का मॅडम, चालू पॅनल दाखवा नाहीतर तुमचं कंत्राट इथेच संपलं.

संध्याकाळी मी मामांच्या दारात, त्यांच्या कानाजवळ जाऊन बसले. सगळं सांगितलं. अंबाडी, भाऊ, टेम्पो, काही राखून ठेवलं नाही. म्हटलं, एका शुक्रवारी, फक्त तासभर कापड काढा. मामी आत भाकऱ्या थापत होत्या. मामा बोलले, आणि पहिल्यांदाच हळू बोलले. त्यांना वाटलं असेल आत ऐकू जात नाही.

"शुक्रवार व्हता. कारखाना बंद. शेठ बोलला, अर्जंट माल हाय, दोन लूम लाव. हिला पन बोलावली, कांड्या भरायला. धोटा उडाला."

सुताने भरलेली कांडी पोटात घेऊन लूमवर इकडून तिकडे धावतो तो धोटा. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड. तो कधीकधी उडतो, एवढं मला ऐकून माहीत होतं. मामा म्हणाले, "हँडल मी ओढला व्हता, बाय."

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. उठले, वर आले, पलंगाखालची बॅग ओढून पुसून ठेवली. राग यावा तर कोणाचा, तेही कळेना. रडू आलं, ते रडून घेतलं.

शुक्रवारी साहेब आले. बरोबर आमचे वरिष्ठ, दोनतीन माणसं, फोटोवाला, शाल. मी जिन्यातच चहाचा आग्रह धरला, बिस्किटं दिली, वेळ काढायला इकडच्या तिकडच्या गोष्टी काढून बघितल्या. साहेब म्हणाले, आधी गच्ची. गच्चीवर पॅनलं झाकलेलीच होती. पाहुणे येणार म्हणून मामींनी मात्र आज नवं कापड काढून दिलं होतं, पांढरं, लाल काठाचं, आणि मामांनी ते सुरकुती न ठेवता बांधलं होतं. आमच्या वरिष्ठांचा चेहरा बघून मी नजर खाली घातली. आता पाणी डोक्यावरून गेलं, असं मनाशी म्हटलं.

साहेब थांबले, बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, अनावरण ठेवलंय होय, मला कोणी बोललं नाही. वरिष्ठ माझ्याकडे बघतायत, मी वरिष्ठांकडे बघतेय. मग वरिष्ठांना कंठ फुटला, म्हणाले, सर, आपल्याच हस्ते.

साहेबांनी सुताची गाठ धरून ओढली. जॉबरची गाठ ती, सुटते कसली. साहेब ओढतायत, फोटोवाला वाकून बसलाय, कपाळावर घाम आलाय. कोणीतरी कात्री म्हणून ओरडलं. तळातून टेलरमास्तर आपली मोठी कात्री घेऊन धापा टाकत वर आले आणि साहेबांनी ती दोन्ही हातांनी धरली. मामा मागून सांगत होते, आज सुट्टी हाय, हात लावू नका. त्यांच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सूत तुटलं, कापड सरकलं, पॅनल लखकन चमकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांत मामा धावले. सत्तरीच्या माणसाने साहेबांना दोन्ही खांद्यांना धरून मागे ओढलं आणि स्वतः पॅनलाकडे पाठ करून त्यांच्यापुढे हात पसरून उभे राहिले. डोळे घट्ट मिटलेले. मी जवळ होते म्हणून मला ते दिसलं. फोटोवाल्याला काय दिसलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, आनंदाने भारावलेल्या नागरिकाची अधिकाऱ्यांना मिठी. साहेबही गहिवरले होते. बरोबर आणलेली शाल त्यांनी स्वतःच्या हाताने मामांना घातली, मोबाईलवर वीज बनताना बघितली, आणि जिना उतरताना वरिष्ठ माझ्या कानात म्हणाले, तुमचं झालं मॅडम, सोमवारी सही करायला या.

खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. मी परत गच्चीवर गेले. मामा खांद्यावरच्या शालीसकट गुडघे टेकून बसले होते आणि कापलेल्या सुताचे तुकडे जोडून कापड परत बांधायला बघत होते. गाठ बसत नव्हती. मी दुसरं टोक धरायला वाकले, तेवढ्यात जिन्यातून मामी आल्या. गुडघ्यांमुळे त्या कधी गच्चीवर येत नसत. दाराला टेकून त्यांनी आधी श्वास घेतला.

"अवो, ऱ्हाऊ द्या ते," मामी म्हणाल्या. "डोळा माझा गेला. तुमचा हात व्हता त्यो मला म्हायती हाय, मी कवा बोलली का? पन सुट्टीची शिक्षा तुमी मलाच लावली. एवढी वर्सं दर शुक्रवारी मी वाटते. खांदा गेला, गुडघं गेलं. डोळा तर एकदाच गेला व्हता."

मामांनी मान वर केली आणि म्हणाले, "काय?"

त्यांना ऐकूच आलं नव्हतं. इतक्या वर्षांनी एकदा मामी बोलल्या, आणि ते सगळं पहिल्यापासून परत बोलायचं होतं, तेही ओरडून. मामींनी पदर खोचला. समोरच्या गच्चीवर वहिनी कपडे वाळत घालत होत्या, खाली गल्लीत टेलरमास्तर उभे होते, पानवाला होता. मामींनी एकदा सगळ्यांकडे बघून घेतलं. मग अख्ख्या नारपोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला शुक्रवारी मिक्सर पायजे."

मामांच्या हातातलं सूत सुटून खाली पडलं. कापड मी घडी करून बाजूला ठेवलं.

त्या संध्याकाळी मला मामींनी खाली बोलावलं. ओट्यावर मिक्सर मांडला होता, भांड्यात खोबरं, मिरच्या, कोथिंबीर. मामांनी मला आणि टेलरमास्तरांना दाराबाहेर उभं केलं, उंबऱ्याच्या आत पाय टाकू दिला नाही. झाकण स्वतः दाबून बघितलं, परत दाबून बघितलं. मग मामींनी बटण फिरवलं. शुक्रवारी त्या घरात मशीनचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मामा मामींना खेटून उभे होते, एक हात भिंतीवरच्या स्विचवर आणि दुसरा मामींच्या चांगल्या डोळ्यासमोर आडवा धरलेला.

मामी म्हणाल्या, "अवो, हात काढा. मला दिसंना."

हात त्यांनी बोटभर खाली घेतला. काढला नाही.